झेड ड्राइव्हची टिपणे

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले. मालवणच्या बाजारपेठेत त्याचा कुणाला पत्ता नव्हता. दिवाळी आठवड्यावर आलेली, पाडव्याला रामेश्वर-नारायणाची पालखी, शुभेच्छांच्या बॅनरांची रांग लागलेली. दुकानातली यंत्रं नेहमीसारखी सुरू झाली. सुरक्षेच्या बाबतीत हे असंच असतं. मुदत संपली म्हणून पडदा काळा होत नाही.

विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप हवी आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा. इथल्या डीटीपी दुकानांतली बरीच यंत्रं त्याच्या मागची आहेत. वर्षभराची वाढीव मुदत मिळते, तीही ऑक्टोबर २०२६ पर्यंत. मग पुण्यातला भाचा मे महिन्यात येतो, विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकून देतो आणि जाताना सांगतो, 'आता व्हायरसची कटकट संपली.' भाचा रातराणीने परत जातो. दुसऱ्या दिवशी दुकानदाराला वीस वर्षांपूर्वीची लग्नपत्रिकेची फाइल उघडायची असते.

*

ती फाइल लिनक्सवर का उघडत नाही, हे पत्रिका छापणाऱ्याला सांगावं लागत नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. पण छपाईच्या धंद्यात मराठी आली ती वेगळ्या वाटेने. पुण्याच्या मोड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, बंगळूरच्या सायबरस्केपची आकृती, सीडॅकचं आयएसएम. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवायचे आणि ते जोडून अक्षर उभं करायचं, अशी ती तऱ्हा. प्रत्येकाची जागावाटपाची पद्धत निराळी. तो फाँट आणि तो प्रोग्राम नसेल तर 'श्री गणेशाय नमः' च्या जागी नुसती चिन्हांची गर्दी दिसते. जोडीला पेजमेकर, ज्याची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची.

म्हणजे दुकानदाराचा सगळा साठा एका बंद पडलेल्या रस्त्याच्या पलीकडे आहे. पत्रिका, जत्रेची हँडबिलं, दशावताराच्या जाहिराती, भजनी मंडळांची लेटरहेडं. तो म्हणतो, 'ह्या सॉफ्टवेअर गेला तर धंदो बसतलो.' यात अतिशयोक्ती फारशी नाही.

मग कुणीतरी वाइनचं नाव सुचवतं.

*

वाइन १९९३ मध्ये सुरू झालं. आरंभ बॉब ॲमस्टॅटचा, १९९४ पासून धुरा अलेक्झांद्र ज्युलियार यांच्याकडे. पहिली पक्की आवृत्ती, १.०, यायला १७ जून २००८ उजाडलं. पंधरा वर्षं! एवढी चिकाटी पाहून मी या लोकांपुढे हात जोडतो. खाली जे लिहिणार आहे ते त्यांच्या कामात खोट काढण्यासाठी नाही.

काम चालतं असं. विंडोजचा प्रोग्राम म्हणतो, 'मला अमुक फाइल उघडून दे.' खरं तर तो हे विंडोजला सांगत असतो. मध्ये उभं असलेलं वाइन ते ऐकतं आणि तीच विनंती लिनक्सच्या रीतीने लिनक्सकडे करतं. खिडकी काढणं, अक्षर रंगवणं, छापायला पाठवणं, सगळं असंच. आत खरं विंडोज कुठेही नाही, त्याची चोरलेली प्रतही नाही. विंडोजच्या हजारो फंक्शनांची स्वतंत्रपणे, नव्याने लिहिलेली आवृत्ती आहे.

यंत्रात दुसरं खोटं यंत्र उभं करून त्यात विंडोज बसवता येतं, त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. वाइन त्या जातीचं नाही. वाइनवर चालणारा प्रोग्राम लिनक्सच्या लेखी इतर प्रोग्रामांसारखाच एक प्रोग्राम असतो, तुमच्या नावाने, तुमच्या हक्कांनी चालणारा. म्हणून तो इतका वेगात चालतो. मध्ये भिंत नाही, म्हणून वेळ जात नाही. लोक वेगाचं कौतुक करतात आणि भिंत नसल्याचं विसरतात.

*

वाइन पहिल्यांदा चालवलं की तुमच्या होम फोल्डरमध्ये एक लपलेला फोल्डर तयार होतो. त्यात सी ड्राइव्ह असतो, विंडोज नावाचा फोल्डर, प्रोग्राम फाइल्स, सगळं जिथल्या तिथे. नवख्याला वाटतं, विंडोजवाल्याला आपण एका खोलीत ठेवलं आहे.

त्याच्या शेजारी झेड ड्राइव्ह असतो. झेड म्हणजे अख्खी लिनक्सची डिस्क, मुळापासून. पाहुण्याला पडवीत अंथरूण घालून दिलं, पण पडवीतून माजघराचं, देवघराचं आणि कणगीच्या खोलीचं दार सताड उघडं, अशी ही व्यवस्था. त्यात 'माय डॉक्युमेंट्स' आणि डेस्कटॉपही बहुधा थेट तुमच्या खऱ्या फोल्डरांना जोडलेले असतात. सोयीसाठीच. नाहीतर दुकानदाराला त्याच्या पत्रिका सापडायच्या कशा?

झेड काढून टाकला की झालं, असा सल्ला बऱ्याचदा ऐकू येतो. काढता येतो, वाइनच्या सेटिंगमध्ये दोन क्लिकचं काम आहे. चुकून होणारं नुकसान त्याने थोडं टळतं. मुद्दाम केलेलं टळत नाही. आतला प्रोग्राम वाइनला बाजूला ठेवून थेट लिनक्सच्या कर्नलला, म्हणजे गाभ्याला, हाक मारू शकतो. ड्राइव्हचं अक्षर त्याला दिसो न दिसो, फाइल तिथेच आहे आणि हक्क तुमचेच आहेत. वाइनची मंडळी हे लपवत नाहीत. वाइन कोणत्याही प्रकारे प्रोग्रामला कोंडून ठेवत नाही, हे त्यांच्या नेहमीच्या प्रश्नोत्तरांत स्वच्छ लिहिलेलं आहे.

*

गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह. डीटीपी दुकानात रोग येतो तो बहुतेक याच वाटेने. 'शॉर्टकट व्हायरस' तर घरोघरी माहीत आहे: पेनड्राइव्हमधले फोल्डर गायब, त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट. नुसत्या लिनक्सवर ही गंमत वाटते. खरा फोल्डर लपवलेला सापडतो, शॉर्टकट मेलेला पडून असतो.

वाइन बसवलं की लिनक्सच्या बहुतेक वितरणांत ईएक्सई फाइलवर डबल क्लिक केलं तर ती वाइनकडे जाते. विंडोजचा शॉर्टकटही जातो. लिनक्सवर उतरवून घेतलेल्या फाइलला चालण्याची परवानगी आधी द्यावी लागते, ती एक छोटी अडवणूक असते. वाइन ईएक्सई फाइल वाचून स्वतः चालवतं, त्यामुळे ही अडवणूकही मधून निघून जाते.

असे किडे वाइनवर बऱ्याचदा अडखळतात. त्यांना हवा असलेला विंडोजचा एखादा कोपरा वाइनमध्ये अर्धवट लिहिलेला असतो. पण हा अर्धवटपणा दर नव्या आवृत्तीबरोबर कमी होत जातो. तीस वर्षं तेच तर काम चाललं आहे.

*

१२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा किडा पसरला. त्याचे दोन भाग होते. जाळ्यातून एका यंत्रावरून दुसऱ्यावर उडी मारणारा भाग विंडोजच्या फाइल वाटपातल्या एका खास भोकावर अवलंबून होता. लिनक्समध्ये ते भोक नाही. दुसरा भाग फायलींना कुलूप लावणारा. त्याला भोक लागत नाही, ॲडमिनचा पासवर्डही लागत नाही. फाइल वाचायची, गुप्त करून परत लिहायची, मूळ पुसायची. प्रत्येक पावलाला तुमचे स्वतःचे हक्क पुरतात. पत्रिकांचा फोल्डर तुमच्याच मालकीचा आहे ना?

त्याच वर्षी २७ जूनला नॉटपेट्या नावाच्या किड्याने न्हावाशेव्याच्या जेएनपीटीतलं एक टर्मिनल ठप्प केलं. त्याचा उगम युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये होता. लोकांनी अनोळखी काही उघडलंच नव्हतं. रोजच्या विश्वासातल्या प्रोग्रामने स्वतःला ताजं केलं, एवढंच. वाइनशी याचा संबंध नाही, पण 'मी फक्त माझा जुना प्रोग्रामच चालवतो' असं कुणी म्हणालं की मला हे आठवतं.

*

एक बारकावा. विंडोजवर किडा बहुधा रजिस्ट्रीत स्वतःची नोंद करून ठेवतो, म्हणजे यंत्र सुरू झालं की तो सुरू. वाइनमध्येही रजिस्ट्री असते, साध्या मजकूर फायलींत. यंत्र सुरू झालं म्हणून वाइन सुरू होत नाही. पण तुम्ही सकाळी लिपीचा प्रोग्राम उघडला की वाइन जागं होतं, त्या नोंदी वाचतं आणि सगळ्यांना उठवतं. दिवसभर प्रोग्राम उघडा नसेल तर दिवसभर शांतता. म्हणून 'कधीकधीच मशीन स्लो होतं' अशी तक्रार येते आणि दोष बिचाऱ्या रॅमला जातो.

उपाय सोपा आहे आणि विंडोजवर मिळत नाही. तो लपलेला फोल्डर पुसायचा, अख्खा सी ड्राइव्ह गेला. आधी घेतलेली स्वच्छ प्रत परत ठेवायची. दोन मिनिटांत नवं कोरं. किडा तेवढ्यात बाहेर, लिनक्सच्या फायलींत काही लिहून बसला नसेल तर.

*

मला सगळ्यात आवडणारी गोष्ट डब्ल्यूएमएफची.

विंडोजची चित्रं साठवण्याची ही एक जुनी तऱ्हा, जुनी क्लिपआर्टं याच साच्यात असत. या फाइलमध्ये चित्र काढण्याच्या आज्ञा असतात. त्यातल्या एका आज्ञेने सांगता येई की छपाई मध्येच थांबली तर अमुक कोड चालव. आणि तो कोड त्या चित्राच्या पोटातच ठेवता येई. जेव्हा ही सोय केली तेव्हा छपाई हळू चाले, ती मध्येच थांबवावी लागे, आणि परक्याकडून चित्र मागवण्याची पद्धत नव्हती. डिसेंबर २००५ मध्ये कुणीतरी याचा गैरवापर सुरू केला. नुसतं चित्र पाहिलं की यंत्र ताब्यात. मायक्रोसॉफ्टने नेहमीच्या तारखेची वाट न पाहता ५ जानेवारी २००६ ला दुरुस्ती काढली.

आणि मग लक्षात आलं की हेच भोक वाइनमध्येही आहे. वाइनवाल्यांनी मायक्रोसॉफ्टचा कोड पाहिलेला नव्हता. फक्त विंडोज जसं वागतं तसं वागायचं, एवढा त्यांचा नेम होता. विंडोज त्या आज्ञेवर चित्रातला कोड चालवत होतं, म्हणून यांनीही चालवला. दोन वेगळ्या लोकांनी, दोन वेगळ्या पद्धतींनी लिहिलेल्या प्रोग्रामांत एकच दोष, कारण तो दोष लिहिण्यातला नव्हता. तो ठरवण्यातला होता. वाइनच्या दोषाला सुरक्षा-दोषांच्या सीव्हीई यादीत स्वतंत्र क्रमांक मिळाला, २००६-०१०६.

चुकांसकट नक्कल करायची नाही तर जुने प्रोग्राम चालत नाहीत, कारण जुने प्रोग्राम त्या चुकांवरच विसंबून लिहिलेले असतात. लिपीचे प्रोग्राम तर फारच.

*

दुसरा प्रसंग त्याहून अवघड. कॉम्प्युटरच्या स्मृतीला पत्ते असतात, शून्यापासून पुढे. जुन्या डॉस आणि १६ बिटी विंडोज प्रोग्रामांना तो शून्याचा पत्ता स्वतःला हवा असतो. लिनक्सने २००७ च्या सुमाराला ठरवलं की सामान्य प्रोग्रामला तळातले पत्ते द्यायचे नाहीत. कारण कर्नलमध्ये कुठे चूक असली की ते बऱ्याचदा चुकून शून्याकडे जातं आणि तिथे हल्लेखोराने स्वतःचं सामान मांडून ठेवलेलं असलं की संपलं.

जुने प्रोग्राम वाइनवर चालेनात. मग सांगितलं जाऊ लागलं की ही मर्यादा शून्य करा, एका ओळीचं सेटिंग आहे. पुष्कळांनी केली. ऑगस्ट २००९ मध्ये टॅव्हिस ऑर्मंडी आणि ज्युलियन टिनेस यांनी लिनक्स कर्नलमधला नेमका असाच एक दोष जाहीर केला, २००१ पासून तिथे असलेला. ज्याने ती मर्यादा काढून ठेवली होती, त्याच्या यंत्रावर कोणताही साधा वापरकर्ता मालक होऊ शकत होता. त्याला वाइन उघडायचीही गरज नव्हती. एका जुन्या खेळासाठी किंवा एका जुन्या लिपीसाठी अख्ख्या यंत्राचा बंदोबस्त ढिला झाला होता.

जुन्या प्रोग्रामसाठी 'एवढं एक सेटिंग बदला' असं कुणी सांगितलं की ते सेटिंग त्या प्रोग्रामपुरतं आहे की साऱ्या यंत्राचं, हे आधी विचारावं.

*

विंडोजवाल्यांनी हसू नये. १६ बिटी प्रोग्राम चालवण्याचा थर विंडोजच्या आतही होता. जानेवारी २०१० मध्ये त्याच ऑर्मंडींनी त्यातला दोष उघड केला: १९९३ च्या विंडोज एनटी ३.१ पासून सगळ्या ३२ बिटी विंडोजमध्ये होता. सतरा वर्षं. तो थर वापरणारे किती उरले होते? पण सगळ्यांच्या यंत्रात तो होता. न वापरलेल्या सोयीतून आत शिरणारे लोक असतात.

आता उलट दिशेने विंडोजवर लिनक्स चालवण्याची सोय आहे, २०१६ पासून. तिच्यातून शिरणारे किडेही २०२१ मध्ये सापडले.

*

डाँगल. हे टिपण खरं तर सगळ्यात आधी यायला हवं होतं.

महागाच्या डीटीपी पॅकेजांबरोबर एक हार्डवेअर लॉक येई. आधी प्रिंटरच्या पोर्टला, नंतर यूएसबीला लावायचं. ते लावलेलं असेल तरच प्रोग्राम चालतो. त्या लॉकचा ड्रायव्हर विंडोजच्या कर्नलसाठी लिहिलेला. वाइन कर्नलच्या वर राहतं, त्यामुळे असे ड्रायव्हर तिथे बहुधा चालत नाहीत.

दुकानदाराकडे पैसे भरून घेतलेलं पॅकेज आहे, पावती आहे, लॉक आहे. आणि प्रोग्राम म्हणतो, लॉक सापडत नाही. मग काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. कुणाच्या तरी ग्रुपवर 'डाँगल नको' असलेली आवृत्ती फिरत असते. ती घेतली जाते, मनात अपराधाची भावनाही नसते, कारण पैसे तर भरलेलेच आहेत. ती कुणी फोडली, फोडताना आत काय घातलं, कोण सांगणार? सोबत सूचना असते: अँटिव्हायरस बंद करा. लिनक्सवर तो बहुधा नसतोच, त्यामुळे तेवढंही विचारावं लागत नाही.

माझ्या मते मालवणातल्या दुकानाला खरा धोका इथे आहे. वाइनच्या कोडमधल्या भोकातून कुणी बाजारपेठेतल्या पत्रिकावाल्यावर नेम धरणार नाही. वाइन फक्त दार आहे. फोडलेली प्रत आपण हाताने आत आणतो.

*

त्याच यंत्रावर दुकानदार लाइटबिल भरतो, जीएसटी भरतो, बँक उघडतो. लिनक्सच्या जुन्या एक्स-११ खिडकीव्यवस्थेत एका प्रोग्रामला दुसऱ्याच्या खिडकीत टाइप होणारी अक्षरं ऐकता येतात. वाइनवरच्या प्रोग्रामलाही. नव्या वेलँडमध्ये हे अडवलेलं आहे, पण मिंटचं नेहमीचं सत्र अजून एक्स-११ वर चालतं.

'मगे बँक मोबाइलावर करूक होयी?' हा प्रश्न मला विचारला गेला. हो. तेवढं केलं तरी निम्मं काम झालं.

*

काय करता येतं, थोडक्यात.

पहिलं आणि फुकट: लिपीसाठी यंत्रावर वेगळा वापरकर्ता. 'डीटीपी' नावाचा. त्याला घरचे फोटो, बँकेचे कागद दिसायला नकोत. उबंटूमध्ये एकाचा होम फोल्डर दुसऱ्याला वाचता येई, २१.०४ पासून ते बंद झालं. जुन्या बसवणीवर परवानगी हाताने बदलावी लागते.

दुसरं: फ्लॅटपॅकमधून मिळणारं बॉटल्स. ते वाइनच आहे, पण बाहेरून कोंडलेलं. सुरुवातीला त्याला तुमचे बहुतेक फोल्डर दिसतच नाहीत. मग फाइल उघडत नाही म्हणून लोक सगळी डिस्क खुली करून देतात आणि झेड ड्राइव्ह परत येतो. एकच फोल्डर द्यावा, 'पत्रिका' नावाचा.

तिसरं, डाँगलवाल्यांसाठी: व्हर्च्युअल मशीनमध्ये खरं, जुनं विंडोज, नेटची जोडणी तोडून. यूएसबी लॉक आत देता येतं, खरा ड्रायव्हर खऱ्या विंडोजमध्ये बसतो, फोडलेल्या प्रतीची गरजच उरत नाही. रॅम जास्त लागते. आठ जीबी असेल तर निभतं. मला विचाराल तर दुकानासाठी हाच मार्ग, वाइन नको.

सुडो लावून, म्हणजे ॲडमिनच्या हक्कांनी, वाइन कधीच चालवू नये. 'परमिशन एरर आला म्हणून' सुद्धा नाही.

आणि बॅकअपची डिस्क, काम झालं की काढून ठेवलेली. जोडलेली राहिली तर तीही झेडमध्येच येते.

*

कुडाळ-कणकवलीच्या कॉलेजातली मुलं वाइनचं नाव न घेता वाइन वापरतात. स्टीम हे खेळांचं दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्हने ऑगस्ट २०१८ मध्ये वाइनवर आधारलेलं प्रोटॉन आणलं, त्यावर विंडोजचे खेळ लिनक्सवर चालतात. खेळ एका डब्यात चालतो खरा, पण तो डबा लायब्ररी जुळाव्यात म्हणून आहे, कोंडण्यासाठी नाही. स्टीमवरून विकत घेतलेल्या खेळाचं एक वेळ ठीक. फुकटचा 'रिपॅक', म्हणजे फोडून पुन्हा बांधलेला खेळ, त्याच वाटेने चालवणारी मुलं मी पाहिली आहेत.

काही खेळ प्रोटॉनवर मुळीच चालत नाहीत, कारण त्यांचा फसवणूक पकडणारा भाग कर्नलमध्ये शिरू पाहतो. मुलं चिडतात. मला ती वाइनची जमेची बाजू वाटते: विंडोजच्या कर्नलमध्ये बसणारा किडाही इथे बसू शकत नाही.

*

आंगणेवाडीच्या जत्रेला ठरलेली तिथी नसते. कौल होतो आणि तारीख जाहीर होते. त्या दिवशी बॅनरवाल्यांचे फोन वाजायला लागतात. पुढारी, मंडळं, हॉटेलं, सगळ्यांना स्वागताचा बॅनर हवा आणि लगेच हवा. त्या आठवड्यात कुणाला वेगळा वापरकर्ता आणि परवानग्या समजावून सांगायला जाऊ नये. गिऱ्हाईक दारात, पेनड्राइव्ह हातात. जे काही करून घ्यायचं ते पावसाळ्यात. जून-जुलैत मासेमारी बंद, किल्ल्याच्या बोटी बंद, पर्यटक नाही, दुकानात माश्या. लाइट असली तर.

*

साठा युनिकोडमध्ये आणला तर हा सगळा खटाटोप लागणार नाही. रूपांतर करणारी साधनं आहेत. जुन्या फाँटांत अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, म्हणजे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, रफार नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम. साधन हे उलटंपालटं करतं आणि बरंच बरोबर करतं. 'किनाऱ्यावर', 'सुऱ्या', 'वऱ्हाडी' आले की त्याची तारांबळ उडते. गाववार आडनावांत तर हमखास. लग्नपत्रिकेत आडनाव चुकलं तर काय होतं ते पत्रिकावाल्याला विचारा.

म्हणून सगळं एकदम बदलायचं नाही असं ठरलं आहे. ज्या जुन्या कामाची ऑर्डर परत येईल तेवढंच बदलायचं, बदललेलं डोळ्यांनी वाचायचं, आणि मूळ फाइल व्हर्च्युअल मशीनमध्येच ठेवायची. भजनी मंडळांची लेटरहेडं आधी, ती छोटी आहेत. मंडळाच्या खजिनदाराने प्रूफ घरी नेलं आहे.